जुना स्वेटर उसवायचा आहे? आधी तो आतून बघा

प्रश्न थोडक्यात असा. घरात सासूबाईंनी 1985-86 च्या सुमारास विणलेला एक मरून कार्डिगन आहे. कोपरं विरलीत, बाकी अंग शाबूत आहे. शिवाय दुकानातून आणलेले दोन तयार स्वेटर आहेत, एक राखाडी, एक हिरवा. ते आता कोणी घालत नाही. राखाडीच्या शिवणी आतून साखळीसारख्या दिसतात, हिरव्याच्या जाड आणि दोऱ्यांनी गुंडाळलेल्या. तिन्ही उसवून चार वर्षांच्या नातीला एखादा स्वेटर होईल का? कार्डिगनच्या खालच्या बॉर्डरीतून धागा ओढून पाहिला, तर तो दोन इंचांवर अडकला, आणि जेवढा निघाला तेवढा शेवयांसारखा कुरळा निघाला. मग ही लोकर वाया गेली का?

वाया काही गेलेलं नाही. कार्डिगन उसवेल, राखाडीही उसवेल. हिरवा मात्र उसवायला घेऊ नका, तो तसाच कोणाला तरी देऊन टाका. आणि बॉर्डरीतला तो धागा आता ओढू नका. कारण सांगते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणी पहिला स्वेटर फुकट घालवतात, आणि तो उसवताना नाही, त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत. हातात कात्री येते, दिसेल ते टोक कापलं जातं, आणि मग घरभर वीतभर लांबीचे तुकडे. स्वेटर उसवायचा म्हणजे तो ज्या क्रमाने झाला त्याच्या नेमक्या उलट क्रमाने जायचं. तेव्हा तो कसा झाला हे आधी कळायला हवं, आणि ते कळतं आतल्या बाजूने.

स्वेटर उलटा करा, खिडकीजवळ घेऊन बसा आणि कुशीची शिवण बोटांनी उघडून बघा. कारखान्यात स्वेटर दोन तऱ्हांनी होतात. एकात पाठ, पुढा, बाह्या असे भाग यंत्रावरच हव्या त्या आकारात विणतात. टाके वाढवून, कमी करून मुंढा काढतात, बाही निमुळती करतात, आपण हाताने करतो तसंच. मग ते भाग कडेकडेने जोडतात. अशा स्वेटरची आतली कड गुळगुळीत, अखंड दिसते, आणि शिवण साखळी टाक्याची असते. तुमचा राखाडी हा असा. दुसऱ्या तऱ्हेत विणलेल्या कापडाचं थान घेतात, शर्टासारखे भाग कापतात आणि कापलेल्या कडा सुटू नयेत म्हणून त्यावर ओव्हरलॉक मारतात. कड जाडसर, तीन-चार दोरे एकमेकांत गुंतलेले. तुमचा हिरवा हा असा. तो उसवला तर प्रत्येक ओळ कापलेल्या कडेशी संपणार. तुमच्या हातात पुढ्याच्या रुंदीएवढ्या लांबीचे शेकडो दोरे येतील, आणि त्यांचं विणून काही होत नाही. एकदा हट्टाने असा स्वेटर मी पूर्ण उसवला होता. दोन संध्याकाळी गेल्या, आणि शेवटी त्या दोऱ्यांनी एक उशी भरली.

शिवण बरी निघाली, की वीण बघा. लोकर आटून नमद्यासारखी झाली असेल, म्हणजे टाके वेगवेगळे ओळखूच येत नसतील, तर तोही स्वेटर सोडा. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात गेलेल्या लोकरीचं हेच होतं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. उष्णता, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. मोहेर आणि अंगोरासारख्या केसाळ लोकरीही त्रास देतात. मोहेरचा स्वेटर उसवायचाच असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि गार असतानाच उसवा. केस थोडे दबतात आणि काम जरा सोपं होतं. जरा म्हणजे जराच.

आता तुमचा धागा का अडकला ते. आपल्याकडे हाताने विणलेला स्वेटर बहुतेक वेळा खालून वर जातो. घेराचे टाके घालायचे, बॉर्डर करायची, मुंढा, गळा, आणि खांद्याशी टाके बंद. प्रत्येक ओळीचा फास खालच्या ओळीच्या फासातून वर ओढलेला असतो. शेवटच्या ओळीच्या फासांत मात्र दुसरं काही अडकलेलं नसतं, म्हणून तिथला धागा ओढला की एकेक टाका आपसूक सुटत जातो. खालून उलटं होतं. ओळ संपते तिथे धागा वळून वरच्या ओळीत गेलेला असतो, त्याचं टोक दरवेळी कडेच्या फासातून हाताने ओवून काढावं लागतं. त्यात बॉर्डर एक सुलट एक उलट असली, की तो प्रत्येक टाक्याला अडतो. तुमचं नेमकं हेच झालं. निघालेला धागा कापू नका, तसाच लोंबता राहू द्या. उसवत खाली आलात की तो मिळेलच.

स्वेटर खालून वर विणलाय की वरून खाली, हे ओळखायची एक खूण आहे. साध्या विणीच्या सुलट बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. व्हीचं टोक ज्या दिशेला, तिकडे सुरुवात. व्हीचं उघडं तोंड ज्या दिशेला, तिकडे शेवट. तोंडाच्या बाजूने सुरू करायचं. वेण्या किंवा जाळीची नक्षी असेल, तर नक्षीच्या मधल्या साध्या पट्ट्यात ही खूण शोधा.

तर क्रम असा लागतो. आधी बटणं काढा आणि एका दोऱ्यात ओवून ठेवा. 1985 सालची बटणं असतील तर पुन्हा वापरण्याजोगी असणार. मग बटणपट्टी आणि गळपट्टी. यांचे टाके स्वेटर पूर्ण झाल्यावर कडेने उचललेले असतात, किंवा पट्टी वेगळी विणून शिवलेली असते, म्हणून त्या आधी निघायला हव्यात. मग बाह्या मुंढ्यातून सोडवा, कुशीच्या शिवणी उघडा, शेवटी खांदे. पाच-सहा सपाट भाग मिळाले की खरं उसवणं सुरू.

हाताने विणलेल्या स्वेटरच्या शिवणी त्याच लोकरीने घातलेल्या असतात, आणि इथेच घात होतो. शिवणीचा धागा कोणता आणि विणीचा कोणता हे दिसत नाही. भाग दोन्ही हातांनी अलगद बाजूला ताणा. मधे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दिसतात ते शिवणीचे धागे. एकच पायरी कापा, तीही टोकदार छोट्या कात्रीने, आणि बोथट सुईने पुढचे टाके उपसत जा. दर तीन-चार इंचांवर पुन्हा एक कात्र. दिवसाउजेडी करा. मी एकदा भाच्याचा शाळेचा निळा स्वेटर रात्री ट्यूबलाइटखाली घेऊन बसले, आणि शिवण समजून पाठीची कड चांगली नऊ इंच कापली. दर दोन ओळींनी एक तुकडा हातात आला. निळं आणि काळं रात्री उसवायचं नाही, हा माझ्या घरातला नियम तेव्हापासूनचा.

राखाडीच्या साखळी शिवणीला एवढी मेहनत नाही. एका बाजूने ती साधी सरळ दिसते, दुसऱ्या बाजूने साखळी दिसते. धान्याच्या पोत्याच्या तोंडाची शिवण आठवते? नेमका दोरा सापडला की सरसर सुटते, चुकीच्या टोकाने ओढली की घट्ट बसते. ही तशीच. एका टोकाशी एक कडी कापून ओढा. नाही सुटली तर दुसऱ्या टोकाला जा.

लोकर कशाची आहे, हे आता ठरवू, कारण धुण्याची रीत त्यावर अवलंबून आहे. मराठीत आपण सुयांवर येणाऱ्या सगळ्यालाच लोकर म्हणतो. दुकानदारही म्हणतो. पण बाजारातल्या गुंड्यांतला मोठा भाग ॲक्रिलिकचा असतो, म्हणजे मेंढीशी त्याचा काही संबंध नाही. तयार स्वेटरला आतून पट्टी असते, ती वाचा. कार्डिगनला पट्टी नसणार. मग धाग्याचा दोन इंचाचा तुकडा चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, मेणबत्तीला लावा. खरी लोकर जळलेल्या केसांचा वास देते, ज्योत बाजूला केली की विझते, आणि मागे राहिलेली काळी राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळतं, भराभर पेटतं आणि गार झाल्यावर टणक काळा मणी राहतो. गरम असताना त्याला हात लावू नका, चिकटतो. सुताला जळक्या कागदाचा वास येतो. मिश्र धागा असेल तर दोन्ही खुणा दिसतात आणि गोंधळ होतो. तेव्हा मी एक तुकडा कपडे पांढरे करायच्या क्लोरीनच्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवते. लोकर त्यात विरघळून जाते, ॲक्रिलिक राहतं. लोकरीला ब्लीच का लावू नये याचं उत्तरही त्यात आलं.

तुमचा कार्डिगन खऱ्या लोकरीचा निघाला तर नशीब म्हणा. तेव्हा घरोघरी कोणी ना कोणी विणत असे, आणि उत्तरेतल्या गिरण्यांची, कानपूरच्या लाल इमलीची, लुधियानाची लोकर आपल्याकडे यायची. आपल्या मुलखातली लोकर स्वेटरची नव्हेच. दख्खनी मेंढीची लोकर भरड. तिची घोंगडी उत्तम होते, पाऊस-वारा दोन्ही झेलते, पण ती गळ्याशी कोणी सहन करणार नाही.

उसवायला दोन माणसं असतील तर उत्तम. एकजण भाग मांडीवर धरून सोडतो, दुसरा गुंडाळतो. लहानपणी मी आईसमोर दोन्ही हात पसरून बसायचे आणि ती माझ्या मनगटांवर लडी घालायची. पंधरा मिनिटांत खांदे भरून यायचे, पण हात खाली केलेले चालायचे नाहीत. आता मी खुर्चीच्या पाठीवर गुंडाळते. उलटं ठेवलेलं स्टूलही चालतं, चारही पायांभोवती वेढे घ्यायचे. उसवलेल्या धाग्याचा थेट गुंडा मात्र करू नका. गुंड्यात कुरळेपणा तसाच राहतो, आणि गुंडा धुताही येत नाही. वेढे सैल घ्या. ताणून गुंडाळलेली लोकर वाळल्यावर आखडते, आणि विणलेला स्वेटर पहिल्या धुण्यात दोन इंच लहान होतो.

धागा तुटला तर तुटू दे. गाठ मारू नका, नुसती दोन टोकं लडीच्या कडेला काढून ठेवा. कोपराजवळ तो तुटणारच. विरलेल्या जागी लोकर बोटांत धरून हलका झटका द्या. सहज तुटली तर तेवढा भाग वेगळा ठेवा, त्यात जीव उरलेला नाही. पाठीची लोकर सगळ्यात चांगली राहते, बाह्यांच्या खालच्या टोकाची आणि कॉलरची सगळ्यात वाईट. म्हणून मी भागवार लड्या करते आणि प्रत्येकीला कागदाचा तुकडा बांधते: पाठ, पुढा उजवा, बाही. उन्हाने उडालेला रंगही मग वेगळा राहतो. कार्डिगनच्या खांद्याची लोकर आणि काखेतली लोकर शेजारी धरून बघा, तोच मरून वाटणार नाही.

भोकं दिसली तर एकदा थांबा. ती झिजून पडली असतील तर ठीक. पण कपाटात कसर लागली असेल, तर त्याच्या अळ्या अजून आत असू शकतात. लोकर खाते ती अळी. उडणारा पतंग खात नाही, तो अंडी घालून जातो. संशय असेल तर लड्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. पेटीचं झाकण घट्ट नसेल तर त्या नुसता वास देतात.

लडी काढण्याआधी ती चार ठिकाणी सैल बांधून घ्या, धागा लडीतून आठच्या आकड्यासारखा ओवून. पांढरा सुती दोराच वापरा. एकदा मी राखीच्या लाल दोऱ्याने क्रीम रंगाची लोकर बांधली आणि धुतल्यावर दर वीतभर अंतरावर गुलाबी ठिपका मिळाला. ते नक्षी म्हणून खपवलं, पण ज्याच्यासाठी विणलं त्याला फार काळ फसवता आलं नाही.

आता त्या शेवया. रात्री ओल्या केसांची घट्ट वेणी घातली, की सकाळी केस कुरळे होतात आणि पुन्हा डोकं ओलं केलं की सरळ. लोकर म्हणजेही केसच. दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे. त्यातल्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना, ज्या आकारात तंतू असेल त्या आकारात, पुन्हा जुळतात. तीस-चाळीस वर्षं टाक्याच्या आकारात राहिलेल्या लोकरीलाही बहुतांशी हाच न्याय. बहुतांशी म्हणते, कारण कडक इस्त्री किंवा वाफ खाल्लेल्या स्वेटरची लोकर थोडी लहरी राहते, पूर्ण सरळ होत नाही. त्याने बिघडत काही नाही, पुन्हा विणल्यावर ती दिसत नाही.

कोमट पाणी घ्या, अंघोळीच्या पाण्यापेक्षाही कमी गरम. त्यात लोकरीचा पातळ साबण, ईझीसारखा, किंवा रिठ्याचं गाळलेलं पाणी. लड्या पाण्यावर ठेवा आणि हाताने दाबून बुडवा. अर्धा तास तशाच. चोळायचं नाही, पिळायचं नाही, वरून नळ सोडायचा नाही. पाणी बदलताना लडी उचलून बाजूला ठेवा, आणि नवं पाणी आधीच्याच तापमानाचं घ्या. गरमातून एकदम गारात गेली की आटते. मरून रंग आहे, तेव्हा पहिल्यांदा एकच लडी धुवा आणि पाणी बघा. सुटला रंग, तर मरून आणि राखाडी कधीही एका टबात नको. धुवून झालं की जुन्या टॉवेलात गुंडाळून वरून दाबा, जमलं तर उभं राहून. मग सावलीत दांडीवर टांगा.

खाली वजन अडकवावं का, यावर माझं आणि माझ्या एका मैत्रिणीचं वीस वर्षांचं भांडण आहे. ती पाण्याची भरलेली बाटली लटकवते. मी म्हणते, वजनाने लोकर सरळ तर होते, पण ताणलेल्या अवस्थेत वाळते, आणि मग विणलेलं आटतं. मी फार तर हँगर किंवा एखादी हलकी वाटी अडकवते. लडी दोन-तीनदा फिरवून टांगली की वजनाचं काम तसंही होतं.

राखाडी ॲक्रिलिक निघाला तर या पाण्याने फारसा फरक पडणार नाही. ॲक्रिलिकचा आकार पाण्याने बदलत नाही, उष्णतेने बदलतो. लडी टांगा आणि वाफेची इस्त्री हातभर लांब धरून वाफ फिरवा. टेकवू नका. जास्त झाली तर धागा मेल्यासारखा लुळा पडतो, लवचिकपणा जातो आणि तो परत येत नाही. शालीला असा लुळा धागा चालतो, स्वेटरच्या बॉर्डरीला नाही. आधी हातभर तुकड्यावर करून बघा. जपानमध्ये एके काळी घरोघरी स्वेटर उसवून पुन्हा विणत. तिथे किटलीच्या तोंडावर बसवायची एक नळी मिळायची. किटलीत पाणी उकळत ठेवायचं आणि कुरळा धागा त्या नळीतून ओढत गुंडाळायचा, वाफेने तो जागच्या जागी सरळ. मी चहाच्या किटलीवर हा प्रयोग केला. बोटं भाजली, धागा सरळ झाला. तुम्ही करू नका.

वाळल्यावर धाग्याचा पीळ बघा. हाताने विणायच्या लोकरीला दोन, तीन, चार पदर एकत्र पिळलेले असतात. यंत्रावरच्या स्वेटरमध्ये पुष्कळदा दोन-तीन बारीक धागे पीळ न देता नुसते शेजारी चालवलेले असतात. राखाडीत तसं असेल तर विणताना सुईचं टोक एका पदरात घुसून दुसरा सुटा राहील. याला इलाज सावकाशी, आणि टोक फार अणकुचीदार नसलेली सुई. शिवाय तो धागा बारीक असणार. दोन किंवा तीन धागे एकत्र घेऊनच तो आपल्या सुयांना पुरतो.

किती जाड, हे पट्टीवर मोजा. एका इंचात धागा शेजारी शेजारी, न दाबता, किती वेळा गुंडाळता येतो? अकरा-बारा वेढे बसले तर आठ नंबरची सुई, म्हणजे 4 मिलिमीटर. चौदा-पंधरा बसले तर दहा नंबर, 3.25 मिलिमीटर. बॉर्डरीला त्याहून दोन नंबर बारीक. आपल्याकडच्या जुन्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक होते, परदेशी नमुन्यात मिलिमीटर असतात, तेवढं लक्षात ठेवा. पण ही नुसती सुरुवात. चार इंची नमुना विणा, तो धुवा, वाळवा, मग टाके मोजा. नव्या लोकरीत नमुना टाळलात तर मी काही बोलणार नाही, मीही टाळते. उसवलेल्या लोकरीत टाळू नका. थोडी लहर राहिलेला धागा सुईवर फुगीर वाटतो आणि धुतल्यावर बसतो.

पुरेल का? मोठ्या माणसाच्या कार्डिगनला 400 ग्रॅमच्या आसपास लोकर असते. कोपरं, कॉलर, तुकडे वजा करून 300 हाती लागली तरी चार वर्षांच्या मुलीच्या स्वेटरला पुरून उरेल. त्याला 200 ते 250 पुरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर लड्या तोला. लांबी हवी असेल तर लडीचा एक वेढा मोजा आणि वेढ्यांच्या संख्येने गुणा, पण धुतल्यानंतरच. कुरळी लोकर मोजलीत तर आकडा कमी येतो आणि उगाच वाटतं की पुरणार नाही.

तुटलेली टोकं जोडायला खऱ्या लोकरीत थुंकीचा जोड आहे. नाक मुरडू नका, पाणीही चालतं. दोन्ही टोकं दोन-तीन इंच उकलून पदर विस्कटा, एकमेकांवर ठेवा, ओलं करा आणि तळहातांत जोरात घासा. मघाशी आटण्याबद्दल सांगितलं, तेच इथे मुद्दाम करायचं. टोकं एकजीव होतात, जोड शोधूनही सापडत नाही. ॲक्रिलिकला हे जमत नाही, आणि मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेल्या लोकरीलाही नाही, कारण तिचे खवले झाकलेले असतात. तिथे सुईत टोक ओवून ते त्याच धाग्याच्या पोटातून दोन इंच मागे न्या, दुसऱ्या टोकाचंही तसंच, दोन फास एकमेकांत अडकवून ओढा. पुढ्याच्या मधोमध गाठ कधीच नको. दोन धुण्यांत ती सुलट बाजूला डोकावते.

नातीच्या स्वेटरबद्दल एक सल्ला, पटला तर घ्या. बाह्यांची टोकं, घेर आणि गळा नव्या लोकरीने करा. ताण तिथेच येतो, आणि जुन्या लोकरीचा लवचिकपणा तिथेच कमी पडतो. मरूनला जुळणारा मरून शोधत लक्ष्मी रोडवर हिंडू नका, सापडणार नाही. जुळल्यासारखा वाटला तरी उन्हात वेगळा दिसेल. सरळ वेगळा रंग घ्या. राखाडीचे पट्टे मधे घातलेत तर दोन्ही स्वेटर एका अंगात येतील, मात्र मरून लोकर आणि राखाडी ॲक्रिलिक असेल तर तसं करू नका. धुण्यात एक बसेल, दुसरा बसणार नाही, आणि पट्टे लाटा होतील. आणि विणण्याआधी लडी स्वतःच्या मानेला दहा मिनिटं लावून बघा. तुम्हाला टोचली तर चार वर्षांची मुलगी ती अंगात ठेवणार नाही, मग सासूबाईंची लोकर असो की कोणाची.

हे सगळं करून पैसे वाचतात का, असं कोणीतरी विचारतंच. ॲक्रिलिकच्या बाबतीत नाही. गुंडा स्वस्त मिळतो, आणि तुमच्या तीन संध्याकाळींना काही किंमत असेल. म्हणून राखाडी ॲक्रिलिक निघाला तर मी तो उसवणारच नाही. चांगल्या लोकरीच्या बाबतीत मात्र हो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आलं, 1941 ते 1949 पर्यंत राहिलं, आणि विणायच्या लोकरीलाही कुपनं लागू लागली. तेव्हा तिथल्या बायका हेच करत होत्या. न उसवता येणाऱ्या स्वेटरची वाट वेगळी. पानिपतला जगभरातून जुने लोकरी कपडे येतात, यंत्रात फाडून त्यांचे तंतू सुटे करतात आणि त्यातून नवा धागा कातून ब्लँकेट होतात. ही युक्ती यॉर्कशरमधल्या बॅटलीची, 1813 सालची. पण फाडताना तंतू आखूड होतात, म्हणून तो धागा कच्चा. हाताने उसवलेल्या लोकरीचा तंतू जसाच्या तसा राहतो, फरक एवढाच आणि तो मोठा आहे.

आत्ता तुमच्याकडे पाऊस असेल तर धुण्याची घाई करू नका. ओली लोकर चार-चार दिवस वाळत नाही आणि तिला येणारा वास नंतर जाता जात नाही. आत्ता बटणं काढा, शिवणी उघडा, लड्या बांधून चिठ्ठ्या लावून ठेवा. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, सावलीत, लडी दीड-दोन दिवसांत वाळते, आणि डिसेंबरच्या थंडीआधी एक लहान स्वेटर आरामात होतो.